पातेऱ्यातली वामकुक्षी

शाळेच्या व्हरांड्यात माकडतापाचं पोस्टर मीच चिकटवलं होतं. सातवीच्या मुलांकडून ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. 'मेलेल्या माकडाला हात लावू नये' ही ओळ तर तिसऱ्यांदाही वाचायला लावली, कारण आमच्या पोरांचा काही नेम नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी मी गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या इस्पितळाच्या वॉर्डात पडून होतो. आणि मी कुठल्याही माकडाला, मेलेल्या किंवा जिवंत, हात लावलेला नव्हता.

आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. एका अंगाला तिळारीचं पाणी, दुसऱ्या अंगाने उतरलं की गोवा. गावात प्रत्येकाच्या थोड्याफार काजी, म्हणजे काजूची झाडं, आहेत, तशा माझ्याही. आठवडाभर मास्तरकी आणि शनिवार-रविवार काजी, असं माझं वीस वर्षं चाललं होतं. माकडताप आमच्याकडे पहिल्यांदा निघाला तो २०१६ च्या सुरुवातीला, केर गावात. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पालीत निघाला होता. माणसं दगावली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आरोग्य खात्याच्या गाड्या फिरू लागल्या. पण केर डोंगरापलीकडे. आपल्याकडे नाही ना, एवढ्यावर आम्ही निवांत होतो.

पुढे लस आली. आमच्या शाळेतच शिबिर झालं. दोन डोस महिन्याच्या अंतराने घ्यायचे होते. पहिला मी घेतला, मुलांसमोर, शूरपणे. दंड असा ठणकला की दोन दिवस फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येईना. दुसऱ्या डोसाच्या दिवशी मला नेमकं केंद्रशाळेत काम निघालं. खरं सांगायचं तर ते काम दुसऱ्या दिवशीही झालं असतं. रानात जाताना गोचीड चावू नये म्हणून अंगाला चोळायला डीएमपी तेलाची बाटली मिळाली होती, ती कपाटावर ठेवली. डिसेंबरात ती होती तिथेच होती, फक्त वर धूळ जमली होती.

२०१७ चा जानेवारी संपत आला होता. काजी मोहरून गेलेल्या, थोड्याच दिवसांत बी पडायला लागणार, म्हणून खालची झाडोरा-झुडपं बेणून घ्यायची घाई. आमच्या बागेच्या वरच्या कोपऱ्यात व्हाळ, म्हणजे ओढा आहे. तिकडून त्या आठवड्यात वास येत होता. गड्याने जाऊन पाहिलं आणि येऊन सांगितलं, "वांदर मेलो हा थंय. दोन आसत." मी पोस्टरला स्मरून म्हटलं, "हात लावू नको हं." आणि आम्ही कामाला लागलो. आरोग्य केंद्राला फोन करायचा असतो, तेही पोस्टरवर होतं. संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी विसरलो.

दुपारी डबा खाल्ला आणि नेहमीप्रमाणे मोठ्या काजीखाली अर्धा तास आडवा झालो. काजीखालचा पातेरा, म्हणजे गळून सुकलेल्या पानांचा थर, ज्याने अनुभवला आहे त्याला सांगायला नको. हातभर जाड, कोरडा, कुरकुरीत, खाली गार. गादी त्याच्यापुढे काही नाही. टॉवेल डोळ्यांवर घेतला आणि झोप लागली. वीस वर्षं तिथेच लागत होती.

रात्री कमरेला, लुंगीच्या गाठीजवळ आणि गुडघ्यामागे खाज सुटली. चारपाच लाल पुटकुळ्या होत्या. बायकोने खोबरेल लावलं. गोचीड काही दिसली नाही. गोचीड म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर येते ती म्हशीच्या कानामागे फुगून शेंगदाण्याएवढी झालेली. तशी काही अंगावर नव्हती, म्हणजे गोचीड नव्हती. असा आमचा हिशेब.

रविवारनंतरच्या शुक्रवारी, दुपारच्या सुट्टीनंतर पाचवीला भागाकार शिकवत होतो. एकाएकी थंडी वाजायला लागली. अंगावर कोणी कळशीभर पाणी ओतावं तशी, क्षणात. कपाळाच्या आत कुणीतरी पाचर मारतंय असं वाटलं. स्कूटरवरून घरी कसा आलो ते आठवत नाही. ताप एकशेचारवर गेला होता. पण ताप, डोकेदुखी हे सगळं एका बाजूला आणि अंगदुखी एका बाजूला. पोटऱ्या आणि कंबर अशी दुखत होती की कुशीवर वळताना तोंडातून आवाज यायचा. आईने दिव्याजवळ तोंड नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "तुझे डोळे तांबडे कित्या झाले रे?"

पहिल्या डॉक्टरांनी 'व्हायरल' म्हणून इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. ते चूक होतं असंही म्हणवत नाही, विषाणू होताच तो. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, तेव्हा प्लेटलेट बासष्ट हजार आणि पांढऱ्या पेशी एकोणीसशे. लगेच 'डेंगी' असं ठरलं. गावात बातमी फुटायचा अवकाश, पपईच्या पानांचा रस यायला सुरुवात झाली. तीन घरांतून तीन बाटल्या. मी आधीच उलट्यांनी बेजार, त्यात तो कडूजहर हिरवा रस. आमच्या गावाची माया कडवट असते एवढंच म्हणेन. डेंगीची तपासणी मात्र नकारार्थी आली. मलेरियाची पट्टीही. लेप्टो म्हणावा तर पावसाळा संपून चार महिने झालेले.

चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं. तेव्हा बायकोने गाडी बोलावली आणि आधी आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या आरोग्य सेविकेने नाडी धरली, ताप पाहिला, आणि एकच प्रश्न विचारला: "गुरुजी, बागेत वांदर मेले होते काय?"

मी हो म्हणालो. आणि लगेच, जणू कोणी आरोप केला असावा तसं, "पण मी हात नाही लावला."

तिने मान हलवली. "हात कोण लावतो?" म्हणाली. "बसलात कुठे, ते सांगा."

या प्रश्नाचं उत्तर देताना मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

रक्ताचा नमुना घेतला. तो बर्फात घालून पुण्याला, राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेला. मी अस्नोडा, म्हापसा, पर्वरी असा मांडवीचा पूल ओलांडत बांबोळीला गेलो. आमच्या भागातल्या माणसाला जीवावरचं दुखणं आलं की वाट हीच. जिल्ह्याचं ठिकाण दुसऱ्या टोकाला आहे.

वॉर्डात आमच्या आजाराचे आणखी काहीजण होते. एक सत्तरी तालुक्यातली बाई, गोठ्यासाठी पातेरा गोळा करणारी. एक बांद्याकडचा मुलगा, लाकडं आणायला गेलेला. मी एकटाच पोस्टर लावणारा. औषध काय, तर सलाईन, पॅरासिटामॉल आणि वाट पाहणं. या विषाणूवर मारा करणारं औषध नाही. शरीर लढतं, डॉक्टर त्याला पाणी-मीठ पुरवतात, रक्तस्रावावर डोळा ठेवतात. पहिले दोन दिवस मला हा प्रकार फसवणूक वाटला. एवढा लांब आलो आणि गोळी तीच, जी गावच्या दुकानात मिळते! नंतर लक्षात आलं की दर सहा तासांनी रक्त पाहणारा, रक्तदाब पाहणारा माणूस उशाशी असणं हेच तिथलं औषध. एका डॉक्टरांनी गंमत दाखवली. ताप एकशेतीन, आणि नाडी मात्र मंद, सत्तरच्या आसपास. एरवी ताप चढला की नाडी धावते. या तापात पुष्कळदा ती मागे राहते. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका रोज माझं मनगट धरायला यायचा. मास्तर असून मी पहिल्यांदाच धडा झालो होतो.

परिचारिका रोज सकाळी विचारायची, "मास्तर, आज कशें दिसता?" बाराव्या तारखेला मी पहिल्यांदा "बरें" म्हणालो. त्याच दिवशी पुण्याचा निकाल आला. माकडताप.

पडल्या पडल्या त्या डॉक्टरांना मी छळून छळून विचारलं आणि पुढे घरी वाचलंही. हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९५७ साली, कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात. म्हणून त्याचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. तिथले लोक त्याला 'मंगन कायिले' म्हणतात, म्हणजे माकडाचा आजारच. तिथेही आधी माकडं मेली, मग माणसं तापाने पडली. शोध घ्यायला गेले ते पुण्याचेच लोक, आजच्या विषाणू संस्थेचं तेव्हाचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर. त्यांना आधी धास्ती होती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने माकडं मरतात, आणि तो भारतात कधी आलेला नाही. तो आला असता तर काय झालं असतं, या विचाराने त्या मंडळींची झोप उडाली असणार. निघाला मात्र त्याच घराण्यातला वेगळाच भाऊबंद, डासावर नव्हे तर गोचिडीवर बसून फिरणारा.

आणि इथे माझी सगळी समजूत उलटी झाली. मी समजत होतो की माकडाचा आजार माणसाला होतो. तसं नाही. माकड आपल्यासारखंच रोगी. त्याला चावते तीच गोचीड, आपल्याला चावते तीच. विषाणूचं खरं घर म्हणजे गोचीड आणि रानातले उंदीर, चिचुंद्र्या. गोचीड जन्मभरात मोजकीच जेवणं करते. अंड्यातून निघालेलं खसखशीएवढं पिल्लू उंदराचं किंवा माकडाचं रक्त एकदा पिऊन गळून पडतं, कात टाकून तिळाएवढं होतं. त्या उंदराच्या रक्तात विषाणू असेल तर तो कात टाकल्यावरही पिल्लात राहतो. तिळाएवढं झालेलं पिल्लू पुढच्या जेवणाची वाट बघत पातेऱ्यात, गवताच्या टोकावर बसतं. डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत ही तिळाएवढी पिल्लं सगळ्यात जास्त. म्हणजे नेमकी आमची बेणणीची, काजूबी वेचण्याची, पातेरा गोळा करण्याची वेळ. आम्ही शोधत होतो शेंगदाणा आणि चावला तीळ.

माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड झालेलं शरीर सोडून आसपास पसरतात. म्हणून मेलेलं माकड ही खूण. तिथे हात लावू नका हे बरोबरच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे जाऊ नका, बसू नका, कळवा. पोस्टरवर हेही होतं. पण माकडाचं चित्र एवढं मोठं होतं आणि गोचिडीचं एवढं लहान की आमच्या डोक्यात माकडच बसलं. नावातही माकडच. त्या वर्षी आमच्याकडे काही जणांनी रागाने माकडांना दगड मारल्याचं मी ऐकलं. बिचारी आधीच मरत होती.

चौदा तारखेला घरी आलो. आठ दिवस ताप नव्हता. पेज घेत होतो, अंगणात फिरत होतो. शाळेत निरोपही धाडला की येत्या सोमवारी येतो. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की दहातल्या एकादोघांना हा ताप परत येतो, लक्ष ठेवा. पण बरं वाटायला लागलेला माणूस ऐकतो का?

बुधवारी सकाळी हजेरीच्या कागदावर सही करायला पेन घेतलं आणि हात थरथरला. दुसऱ्या हाताने धरला, तरी थरथरत राहिला. दुपारी डोकं दुखायला लागलं, यावेळी मागून, मानेपासून. मान खाली घालून पायांकडे बघता येईना. संध्याकाळी परत ताप. रात्रीचं मला काहीच आठवत नाही, बायको सांगते. मी म्हणे आईला बाई म्हणून हाक मारत होतो, पाचवीच्या बाई, आणि घंटा का वाजत नाही म्हणून रागावत होतो. छपराच्या वाशांवरून माकडं उतरताहेत असं म्हणून एकदा उठूनही बसलो. ती बिचारी हसली नाही, एवढंच मी तिच्याविषयी सांगेन. पहिल्या तापात मला मरणाची भीती वाटली नव्हती, दुखण्यातून फुरसतच नव्हती. दुसऱ्या वेळी मात्र गाडीत मधूनच शुद्ध यायची आणि वाटायचं, मेलो तर मेलो, पण हे डोकं असंच राहिलं तर? भागाकार कोण शिकवणार?

पुन्हा बांबोळी. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. ते दुखण्यापेक्षा भीतीनेच जास्त दुखतं, ज्यांना करायचं आहे त्यांनी घाबरू नये. सहा दिवस राहिलो. धूसरपणा जसा आला तसाच, एका सकाळी गेला. शेजारच्या खाटेवरचा बांद्याचा मुलगा तोवर घरी गेला होता. सत्तरीतली बाई गेली होती. घरी नव्हे. या तापात शंभरातले तीन ते पाच जण दगावतात. आकडा वाचताना लहान वाटतो.

पुढचे दोन-अडीच महिने कशात मोडतात ते मला अजून कळलेलं नाही. आजारी नव्हतो, बराही नव्हतो. विहिरीपर्यंत गेलो तर परत येताना पायरीवर बसावं लागे. केस पुंजक्यांनी गळले. हाताचा कंप हळूहळू कमी झाला, पण खडूने सरळ रेघ मारायला एप्रिल उजाडला. काजू त्या वर्षी अर्धेलीने दिले, माझ्याच बागेतली बी दुसऱ्याने वेचली. शिमग्याला ढोल ऐकत खाटेवर होतो. ढोलांचा मेळ आमच्या घरावरून जातो, पण त्या वर्षी अंगणात आले ते थोडेच. नारळ ठेवून पुढे गेले. कारण साधं होतं, लोकांना वाटायचं की माझ्यापासून ताप लागेल. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही. मी ते दहा जणांना सांगितलं, आरोग्य सेविकेने वाडीत सभा घेऊन सांगितलं. तरी आमच्याकडे चहाचा कप वेगळा ठेवला गेला, आणि तो कुणाच्या घरी हे मला माहीत आहे. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः केरच्या माणसाजवळ त्या वर्षी एसटीत बसलो असतो का, हे मला ठाऊक नाही.

आईचा राग मात्र वेगळा. ती महिनाभर एकच वाक्य म्हणत राहिली, "वांदरां मेली थंय तू निजलंस? मग पोरांक काय शिकयतस शाळेत?"

त्या पावसाळ्यानंतर गोठ्यात पातेरा घालायचं आम्ही बंद केलं. गुरं रानात जातात, मोठ्या गोचिडी त्यांच्या अंगावर पोसतात. गुरांना हा ताप होत नाही, पण गोचिडींची पंगत तिथेच उठते. त्यात पातेरा आणून त्यांच्याच पायांखाली पसरायचा म्हणजे पाहुण्यांना घरी घेऊन येणं. आता पेंढा घालतो. भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, मात्र पातेरा लागतोच. तो काढायला जाताना पँट मोज्यांत खोचून, तेल चोळून जायचं, आणि आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात. आमच्या बायकांना हे सांगणं सोपं आहे, करणं कठीण. गरम पाण्याला लाकडं लागतात, आणि लाकडं रानातूनच येतात.

डिसेंबरात आरोग्य खात्याचे दोघे बागेत आले. जिथे जिथे रोगी सापडले होते तिथल्या गोचिडी गोळा करत फिरत होते. त्यांच्याकडे एका काठीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेलचं कापड होतं, निशाणासारखं. ते गवतावरून, पातेऱ्यावरून हळू ओढत न्यायचं. गोचीड समजते की जनावर आलं आणि कापडाला चिकटते. मग चिमट्याने उचलून कुपीत टाकायची.

त्यांनी विचारलं, "गुरुजी, नक्की कुठे बसला होता?"

मी मोठ्या काजीखालची जागा दाखवली. नवा पातेरा पडला होता, तसाच जाड, कोरडा. त्या पोराने कापड एकदा ओढलं, दहा पावलं. मग उलटं करून माझ्यासमोर धरलं. आधी मला काहीच दिसलं नाही. चष्मा काढून, जवळ जाऊन पाहिलं. पांढऱ्या कापडावर तीळ सांडावेत तसे ठिपके, आणि ते चालत होते. त्याने चिमट्याने उचलता उचलता मोजले, अकरा.

डबा आता आम्ही घरी येऊन खातो.